ताई, मदरबोर्ड बदलण्याआधी

पत्र:

भाऊ, नमस्कार. आम्ही सिडकोत राहतो. मुलगा मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. बारावीनंतर त्याला हप्त्यांवर गेमिंग लॅपटॉप घेऊन दिला, हप्ते आत्ता कुठे फिटले. थंडीत काही त्रास नव्हता. मार्च लागल्यापासून रात्री गेम खेळताना अर्ध्या-पाऊण तासात पंखा मिक्सरसारखा ओरडायला लागतो आणि लॅपटॉप एकदम बंद पडतो. पंधरा-वीस मिनिटांनी परत चालू होतो. तो गच्चीवरच्या खोलीत गादीवर बसून खेळतो. परवा त्याने बर्फाची पिशवी फडक्यात गुंडाळून लॅपटॉपखाली ठेवलेली मी पाहिली. एका दुकानात दाखवला तर म्हणाले मदरबोर्ड गेला, बावीस हजार लागतील. दुसरे म्हणाले फॉरमॅट मारा. हे अंबडला कंपनीत आहेत. ह्यांचं म्हणणं, गेम खेळूनच वाट लागली, विकून टाका. घरात दोन दिवस कोणी कोणाशी धड बोलत नाही. मला एक भीती आहे, हा पेट तर घेणार नाही ना? आणि खरंच गेम खेळल्याने लॅपटॉप बिघडतो का?
— एक आई, नवीन नाशिक

उत्तर:

ताई, भीतीचं आधी बघू, कारण तुम्हाला त्याच्यानेच झोप लागत नसणार.

आज लॅपटॉप बंद करा, चार्जर काढा आणि तो ओट्यासारख्या सपाट जागेवर ठेवा. एखादा कोपरा टेकत नाही असं होतंय का बघा. एका बाजूने दाबल्यावर दुसरी बाजू उचलली जाते का? बोट फिरवायचा जो टचपॅड असतो तो मधून वर आलाय का, किंवा त्याचं बटण दाबलं जात नाही असं झालंय का? खालच्या झाकणाला कुठे फट पडली आहे का? यातलं एकही उत्तर ‘हो’ असेल, तर आतली बॅटरी फुगली आहे असंच समजा. मग तो चालू करू नका, चार्जिंगला लावू नका, फुगलेला भाग दाबून बसवायचा प्रयत्न करू नका. गादी-पडद्यांपासून लांब, मोकळ्या फरशीवर ठेवा आणि लगोलग सर्व्हिस सेंटरला न्या. काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका, ती ई-कचऱ्यातच गेली पाहिजे. आगीचा खरा धोका असतो तो फुगलेल्या लिथियम बॅटरीचा. तिथे मी कोणालाही ‘बघू उद्या-परवा’ म्हणू देत नाही.

बॅटरी ठीक असेल तर श्वास सोडा. लॅपटॉप बंद पडतो, तो स्वतःला वाचवण्यासाठी. प्रोसेसरच्या आत तापमान मोजणारे सेन्सर असतात. ठराविक मर्यादा आली की तो आधी आपला वेग कमी करतो. त्यानेही भागलं नाही तर वीज तोडतो. इंटेलच्या बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची ही मर्यादा १०० अंश सेल्सिअसच्या आसपास असते, एएमडी रायझेनच्या अनेक मॉडेलांची ९५च्या आसपास. म्हणजे तुम्ही जे पाहता आहात ते कुकरची शिट्टी व्हावी तसं आहे. शिट्टी होते म्हणून कुकर मोडला असं आपण म्हणत नाही. पण दर पाच मिनिटांनी शिट्टी होत असेल तर आच बघावी लागते.

आता ते बावीस हजार. पंधरा-वीस मिनिटांनी तो पुन्हा सुरू होतो आणि त्रास गेम खेळताना होतो, असं तुम्ही लिहिलंय. गेलेला मदरबोर्ड सहसा असा वागत नाही. तो मुळात सुरूच होत नाही, किंवा गार असतानाही अडतो. थंडीत चालणारं आणि मार्चपासून अडणारं यंत्र बघून मदरबोर्डचं नाव घेण्याआधी त्या दुकानदाराने झाकण उघडून आतला पंखा तरी बघायला हवा होता. माझ्या पहिल्या लॅपटॉपच्या वेळी मी असाच फसलो. नवीन नोकरी, हातात चार पैसे, दुकानदार म्हणाला बोर्ड गेला आणि मी दोन महिन्यांचा पगार त्यात घातला. तीन आठवड्यांनी लॅपटॉप पुन्हा तसाच बंद पडला. मग एका ओळखीच्या मुलाने माझ्यासमोर झाकण उघडलं आणि पंख्याच्या तोंडाशी साचलेला धुळीचा पट्टा चिमट्याने ओढून काढला. वाळलेल्या मेथीच्या जुडीसारखा तो सलग बाहेर आला. तेव्हापासून कोणीही ‘बोर्ड गेला’ म्हटलं की मी आधी विचारतो, उघडून पाहिलं का?

फॉरमॅटचंही तेच. मागे एखादा व्हायरस किंवा बिघडलेला प्रोग्राम प्रोसेसरला सतत राबवत असेल तर फॉरमॅटने फरक पडेल. पण तसं असतं तर गेम बंद असतानाही पंखा ओरडला असता. उन्हाळा आणि गेम एकत्र आले की मगच होणारा त्रास फॉरमॅटने जाणार नाही.

उष्णता येते कुठून ते सांगतो, म्हणजे पुढचं सगळं आपोआप उलगडेल. चार्जरवर लिहिलेला आकडा बघा. गेमिंग लॅपटॉपचे चार्जर बहुतेक १८० किंवा २३० वॅटचे असतात. गेम जोरात चालू असताना त्यातली बरीच वीज प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप खातात आणि त्यांनी खाल्लेल्या विजेची शेवटी उष्णताच होते. आपल्या लहानपणी शंभर वॅटचे पिवळे बल्ब होते, आठवतात? त्यातला पेटलेला एकही हाताने काढता यायचा नाही. तसे दीड-दोन बल्ब दोन बोटं जाडीच्या डब्यात कोंबलेत असं समजा. ही उष्णता चिपवरून तांब्याच्या चपट्या नळ्यांत जाते. नळ्यांच्या आत थोडासा द्रव असतो. तो गरम टोकाला वाफ होतो, गार टोकाला पुन्हा द्रव होतो आणि आतल्या जाळीतून परत येतो, अखंड. गार टोकाला पातळ पत्र्यांची दाट ओळ असते, गाडीच्या रेडिएटरसारखी, आणि पंखा तिच्यातून हवा फुंकून ती उष्णता बाहेर फेकतो. तुमच्या ह्यांना हे एका वाक्यात कळेल. कंपनीतल्या मशीनचा कूलर जाम झाला की मशीन ट्रिप होते, पण म्हणून कोणी मशीन भंगारात काढत नाही.

तेव्हा गेमने लॅपटॉप बिघडला का, याला माझं उत्तर ‘नाही’ आहे आणि ते मी अडखळत देत नाही. हे यंत्र याच कामासाठी बनवलेलं आहे. उद्या मुलगा कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मोठं थ्रीडी डिझाइन उघडेल किंवा सिम्युलेशन लावेल तेव्हाही ते असंच तापेल. उष्णता बाहेर जाण्याची वाट अडली आहे, आणि ती तुमच्या घरात एका वेळी तीन ठिकाणी अडली आहे असं मला पत्रावरून दिसतं.

पहिली अडचण ती खोली. लॅपटॉप खोलीतली हवा घेऊनच गार होतो, त्यामुळे खोली जितकी गरम, तितक्याच अंशांनी साधारण आतला आकडाही वर सरकतो. डिसेंबरात निफाडकडचं गार वारं सुटतं तेव्हा खोलीत १८-२० अंश असतील. एप्रिलात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो आणि गच्चीवरच्या खोलीचा स्लॅब दिवसभर प्यालेलं ऊन रात्री अकरापर्यंत ओकत राहतो. बाहेर गंगापूर धरणाकडून गार झुळूक आलेली असली तरी त्या खोलीत ३५ अंश राहतात. दोन्हींत पंधरा अंशांचा फरक. थंडीत ८३वर निभावणारा प्रोसेसर आता ९८ला जाऊन थडकतो. नवीन काही बिघडलेलं नाही, जी थोडी गुंजाईश होती ती उन्हाने खाल्ली. म्हणून पहिला उपाय फुकटचा: उन्हाळाभर त्याचं टेबल खाली हॉलमध्ये आणा. तो खाली आला की जेवायलाही येईल, हा माझा अंदाज. खोली वरच ठेवायची असेल तर गच्चीला पांढरा चुना मारून घ्या, सिडकोत कितीतरी जण मारतात. संध्याकाळी दोन्ही खिडक्या उघडून तास-दीड तास हवा खेळू द्या. कूलर चालेल, आपल्या कोरड्या उन्हाळ्यात तो चांगलं काम करतो. फक्त त्याचा झोत सरळ लॅपटॉपवर नको, बारीक तुषार उडतात.

दुसरी अडचण गादी. हवा आत घ्यायच्या जाळ्या बहुतेक लॅपटॉपच्या पोटाखाली असतात. गादीत तो रुतला की जाळ्या बंद, वर कापसाचे तंतूही आत ओढले जातात. टेबलावर ठेवा. मागच्या दोन पायांखाली पाण्याच्या बाटलीची एकेक झाकणं ठेवून मागची बाजू उचला, एवढ्यानेही पोटाखाली हवा खेळायला लागते. टेबलावर प्लॅस्टिकचं कव्हर असेल तर काढा, जाळीला जाऊन चिकटतं. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा, नाहीतर बाहेर फेकलेली गरम हवा भिंतीवर आपटून पुन्हा आत जाते. चार्जरची वीटही गादीवर किंवा उशीखाली नको, तीही तापते. पंखेवाले कूलिंग पॅड मिळतात. ते वाईट नाहीत, पण मी पाहिलंय की चार-पाच अंश मिळाले तरी खूप झालं. आतली वाट तुंबलेली असताना बाहेरून वारा घालून उपयोग नसतो, म्हणून ती खरेदी सगळ्यात शेवटी.

आणि ती बर्फाची पिशवी. ही मात्र आजपासून पूर्ण बंद. गार पृष्ठभागावर हवेतलं बाष्प जमतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून जसे थेंब येतात तसे ते लॅपटॉपच्या आत येतील आणि ज्या मदरबोर्डला काही झालेलं नाही त्याला खरंच काहीतरी होईल. ओलं फडकं नको, फ्रिजमध्ये ठेवणं नको. मुलाने ते काळजीपोटी केलं आहे, तेव्हा रागावू नका, हे वाक्य वाचून दाखवा.

तिसरी अडचण आतली धूळ, आणि माझा सर्वांत जास्त संशय हिच्यावर आहे. अडीच-पावणेतीन वर्षं, गच्चीवरची खोली, त्यात शहरात जिथे बघावं तिथे रस्ता खोदलेला. स्वयंपाकघरातल्या एक्झॉस्टच्या पात्यांवर तेलकट थर बसतो तो तुम्ही दर दिवाळीला खरवडता ना, लॅपटॉपच्या आत तोच प्रकार होतो. फक्त तो बाहेरून दिसत नाही, कारण थर पंखा आणि पत्र्यांची ओळ यांच्या मधल्या फटीत जमतो. बाहेरच्या जाळीवरून ब्रश फिरवला की स्वच्छ दिसतं, आत वाट बंदच असते.

यापुढचं मुलासाठी लिहितो, त्याला वाचायला द्या.

मित्रा, आईने लिहिलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस. तुझ्या शाखेत उष्णतेच्या वहनाचा आख्खा विषय असतो आणि तुझ्या मांडीवर त्याची प्रयोगशाळा आहे. काही उघडण्याआधी मोज. एचडब्ल्यूइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर घे, त्यात ‘सेन्सर्स ओन्ली’ निवड. नोंदी फाइलमध्ये लिहून ठेवायची सोय आहे, तिचं बटण सेन्सरच्या खिडकीत खालीच असतं. ते दाब आणि नेहमीचा गेम खेळ. लॅपटॉप बंद पडला तर पुन्हा सुरू झाल्यावर फाइलच्या शेवटच्या ओळी बघ. प्रोसेसरचा आकडा ९५ ते १००ला जाऊन टेकलेला असेल तर उष्णतेचंच कारण. पण शेवटच्या ओळीत ७०-७५च असतील आणि तरी बंद पडला असेल, तर वरचं सगळं बाजूला ठेव. मग संशय चार्जर, त्याची पिन, घरातला सॉकेट किंवा खरंच बोर्डावर. ही एक फाइल दहा दुकानदारांच्या मतांपेक्षा मोलाची आहे. ग्राफिक्सचा आकडाही लिहून ठेव. एनव्हिडियाच्या बऱ्याच लॅपटॉप चिपा ८७च्या आसपास स्वतःला आवरायला लागतात. खेळताना ८०-८५ दिसलं तर घाबरू नकोस, गेमिंग लॅपटॉपचं ते रोजचं आहे.

मग एका वेळी एकच बदल कर आणि दर वेळी तोच गेम, तेवढाच वेळ, त्याच खोलीत खेळून आकडा वहीत मांड. टेबल, झाकणं, खालची खोली झाली की सेटिंगकडे वळ. तुझी स्क्रीन १४४ हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १४४ फ्रेम (चित्रं) दाखवणारी, असेल तर त्याच्या वर बनवलेल्या फ्रेम ती पूर्ण दाखवूच शकत नाही, तरी ग्राफिक्स चिप त्या बनवत बसते आणि तापते. कित्येक गेम तर नुसत्या मेनूच्या पडद्यावर तीनशे फ्रेम काढत असतात. एनव्हिडिया कंट्रोल पॅनलमध्ये ‘मॅक्स फ्रेम रेट’ आहे, तिथे ९० किंवा गोष्टीच्या गेमसाठी ६० ठेव. दुसरं, विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये प्रगत सेटिंग उघड, ‘प्रोसेसर पॉवर मॅनेजमेंट’मध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ १०० आहे ते ९९ कर. एका टक्क्याची गोष्ट वाटते, पण त्याने टर्बो बूस्ट, म्हणजे गरजेला वेग वाढवायची सोय, बंद होतो आणि प्रोसेसर आपल्या मूळ वेगावर राहतो. बहुतेक लॅपटॉपवर दहा अंश तरी उतरतात, कधी जास्तच, आणि ग्राफिक्सवर अवलंबून असलेल्या गेममध्ये फ्रेम फारशा पडत नाहीत. काही लॅपटॉपमध्ये हा पर्याय दिसत नाही, तिथे कंपनीच्या ॲपमधला बॅलन्स्ड किंवा सायलेंट मोड वापर. मित्र तुला अंडरव्होल्ट कर, म्हणजे चिपला थोडं कमी व्होल्टेज दे, म्हणतील. ग्राफिक्सचं आफ्टरबर्नर नावाच्या सॉफ्टवेअरने जमेल. प्रोसेसरचं मात्र इंटेलच्या अनेक मॉडेलांवर डिसेंबर २०१९नंतर बंद करून टाकलंय, कारण त्याच वाटेने सुरक्षेत शिरकाव करता येतो असं तेव्हा उघड झालं. त्यासाठी जुना बायोस (लॅपटॉप सुरू करणारं मूळ सॉफ्टवेअर) चढवायच्या भानगडीत पडू नकोस.

साफसफाई स्वतः करायची असेल तर आधी वॉरंटी संपल्याची खात्री कर, तुझ्याच मॉडेलचा उघडण्याचा व्हिडिओ शेवटपर्यंत बघ, आणि झाकण निघाल्यावर पहिलं काम म्हणजे बॅटरीचा कनेक्टर काढणं. पंख्याची पाती बोटाने धरून मगच हवा मार. मोकळा पंखा हवेच्या जोराने गरगर फिरला की बेअरिंग खराब होतं. मेकॅनिकलवाला आहेस म्हणून ओळखीच्या गॅरेजमधल्या कॉम्प्रेसरचा मोह होईल. त्या हवेबरोबर पाण्याचे कण आणि तेल येतं. हाताचा छोटा ब्लोअर आणि मऊ ब्रश पुरे. धूळ पत्र्यांच्या ओळीतून आत ढकलू नकोस, पंख्याच्या बाजूने चिमट्याने उचल.

थर्मल पेस्टपर्यंत जायचं असेल तर थांब, तिथे दुकानातच जा. चिप आणि तांब्याच्या पट्टीमध्ये डोळ्यांना न दिसणाऱ्या फटी असतात, त्यातली हवा उष्णता अडवते, म्हणून मध्ये ही पेस्ट. दोन-तीन उन्हाळ्यांत ती वाळते किंवा कडेला सरकते. पण काही मॉडेलांत कंपनीनेच पेस्टऐवजी लिक्विड मेटल घातलेलं असतं. ते विजेचं वाहक आहे, एक थेंब बाजूला गेला तर शॉर्ट. तुझ्या मॉडेलमध्ये काय आहे हे आधी शोधून काढ.

ताई, आता पुन्हा तुमच्याशी. दुकान एम. जी. रोडचं असो की कॉलेज रोडचं, लॅपटॉप देताना ‘बंद पडतो’ असं सांगू नका. ‘आतून साफ करून थर्मल पेस्ट बदलायची आहे’ असं सांगा आणि तीन गोष्टी विचारा. माझ्यासमोर उघडाल का? पेस्ट कुठली वापरता, की फेज चेंजची (तापली की मऊ होऊन फटी भरणारी) शीट लावता? ती शीट जास्त टिकते, मिळत असेल तर तीच घ्या. आणि मेमरी चिपांवरचे मऊ पॅड फाटले तर त्याच जाडीचे नवे लावाल का? हा प्रश्न ऐकून जो गोंधळेल त्याच्याकडे लॅपटॉप ठेवू नका. पॅड चुकीच्या जाडीचा बसला की तांब्याची पट्टी चिपला नीट टेकत नाही आणि आधीपेक्षा जास्त तापतो. हे सगळं काम हजार-दीड हजारात, फार तर दोनात व्हायला हवं. त्यानंतरही फाइलमधला आकडा खाली आला नाही, तर कंपनीच्या अधिकृत केंद्रात जा आणि बोर्डाचं निदान लेखी घ्या. बावीस हजारांचा विषय तेव्हा काढू.

विकायचं म्हणाल तर आत्ता विकणं हा सगळ्यात तोट्याचा सौदा आहे. घेणारा दहा मिनिटं गेम लावून बघेल, पंखा ओरडला की अर्धी किंमत पाडेल, घरी नेऊन दीड हजारात साफ करेल आणि तुम्ही ज्याचे हप्ते फेडलेत ते यंत्र पुढची तीन वर्षं वापरेल. ह्यांना हा हिशेब सांगून बघा.

लॅपटॉप दिवसभर चार्जरलाच असेल तर बहुतेक कंपन्यांच्या ॲपमध्ये चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय असते, ती चालू करायला सांगा. पूर्ण भरलेली बॅटरी आणि उष्णता यांचं जुळत नाही, आणि ज्या फुगण्याची मी सुरुवातीला तपासणी सांगितली ते असंच हळूहळू येतं.

राहिला पंख्याचा आवाज. साफ केल्यावर तो बराच उतरेल. सूं-सूं राहिली तर ती नुसती हवा आहे, तिचं काही नाही. खरखर किंवा टक-टक येत असेल तर पंख्याचं बेअरिंग गेलंय, तेवढा पंखा मॉडेल क्रमांक सांगून बदलून घ्या. दोन पंखे असतील आणि एकच खराब असेल तर एकच बदला. आणि मुलाला सांगा, वहीतलं ते पान मला पाठव: गादीवरचा आकडा, टेबलावरचा, आणि साफ केल्यानंतरचा.